बांगड्या वाटून टाकणारी मुलगी

किती दरोडे तपासले ते आता विसरलो, पण रनाळे गावाच्या बाजूच्या एका तेरा वर्षांच्या मुलीची घटना आजही जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. इंग्रजी अमदानी होती, मी नंदुरबारला फौजदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना गावोगाव बांगड्या भरणारे एक चाचा ठाण्यात आले.

"साहेब, एका पोरीनं हातातल्या बांगड्या काढून मैत्रिणींना वाटल्या. नव्या भरू लागलो तर म्हणे, 'आते मले काय कराना?' आता बांगड्या काय करायच्या, म्हणते. मला ठीक दिसत नाही."

"अहो, बांगड्या वाटणं गुन्हा आहे का?" मी खेकसलो.

चाचा जागचे हलले नाहीत. "चाळीस वर्षं पोरींचे हात हातात घेतोय साहेब. एवढी हौशी पोर अशी वागत नाही."

मी दोन शिपाई आणि चाचांना घेऊन त्या गावी गेलो आणि तिथंच चुकलो. चावडीवर, पाटलासमोर जबाब घ्यायला बसलो. पोर गप्प. आवाज चढवला तर जास्तच गप्प. मग माझाच मला राग आला. अरे, ही काय चोर आहे? गर्दी हाकलली, टोपी काढून ठेवली, चाचांना जवळ बसवलं आणि सरळ विचारलं, "बेटा, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?"

पाटील दचकला. असं विचारलं की पोरांच्या डोक्यात तोच विचार शिरतो, असा सगळ्यांचाच समज. पोरीनं 'हो' म्हटलं आणि हमसून रडू लागली.

"मन्हामुये भाऊ गया, आसं समदा म्हणतस. माय बोलत नही."

धाकटा भाऊ महिन्यापूर्वी तापानं गेला होता. त्याला सांभाळायला हीच होती, म्हणून सगळे हिलाच दोष देत होते. त्यानंतर बापानं तिची शाळाही बंद केली होती.

बापाला बोलावून झापलं, "ताप उतरवायला ही काय डॉक्टर होती?" ते ऐकून आईनं धावत येऊन लेकीला पोटाशी धरलं. तिला एकटं सोडायचं नाही, दोष द्यायचा नाही, शाळेत परत पाठवायचं, एवढं कबूल करून घेतलं. चाचा दर फेरीला तिची खबर आणत राहिले.

"साहेब, गुन्हा कोणता नोंदवू?" जमादारानं विचारलं. कोणताच नाही, म्हटलं. पुढे बक्षिसं, बढत्या मिळाल्या, पण छाती फुगते ती त्या न नोंदवलेल्या प्रकरणानं.

काही महिन्यांनी बाजारात ती चाचांपुढे दोन्ही हात पसरून बसलेली दिसली. मी विचारलं, "पोरी, तेव्हा घरात कुणाला सांगितलं का नाहीस?"

हिरव्या बांगड्यांवरची नजर न काढता ती म्हणाली, "कोणी इचारंच नही."

तेव्हापासून मी विचारत आलो.