भिंतीकडे तोंड केलेली चित्रं

शुक्रवार. हॉलसाठी चित्र निवडायचं होतं. जोगेश्वरीचा फ्रेमवाला आमचे फोटो वर्षानुवर्षं मढवतो. कानावर पेन्सिल, आणि किंमत दोनदा विचारल्याशिवाय सांगत नाही.

दोन हजारांचं छापील घ्यावं, की नव्या फ्रिजसाठी साठवलेले अठरा हजार घालून हाताने रंगवलेलं? मी विचारलं. त्याने दोन्ही चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवली.

"ताई, छापील चित्रात काय होतं?"

"फुलं. बहुतेक पिवळी."

"आणि दुसऱ्यात?"

"खाडी, दोन होड्या, पाठमोरी कोळीण. दमलीय ती. डावा खांदा उतरलाय."

तो पेन्सिलीला टोक करत बसला.

"अहो, बोला ना काहीतरी!"

"मी काय बोलू? तुम्हीच बोललात ना."

मी तणतणत घरी आले. संध्याकाळभर एका जागी बसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या फ्रिजच्या दाराचं सैल रबर बदलून घेतलं आणि अठरा हजार पर्समध्ये टाकून त्याचं दुकान गाठलं.