ऑफिसपर्यंतचा झाकलेला बोळ

आई आंघोळीला गेली होती आणि वहिनी तिला आंघोळ घालत होत्या, तेवढ्या वेळात मी वहिनींची नोकरी जवळजवळ घालवली. हेतू अत्यंत चांगला होता. आजवर मी जे जे मोडलंय ते चांगल्याच हेतूने.

झालं असं, की माझ्या ऑफिसला सुट्टी होती आणि वहिनींच्या नव्हती. मी सहज म्हणून भावाच्या घरी डोकावलो आणि त्यांच्या संगणकासमोर जाऊन बसलो. त्यातल्या ‘डाउनलोड्स’ नावाच्या कप्प्यात विजेची बिलं, औषधांच्या पावत्या, एकाच फोटोच्या चार-चार प्रती असा नुसता पसारा. शिवाय काही फाइलींची नावं अशी, की मांजर कीबोर्डवरून चालत गेलं असावं. या घरातल्या कपाटांना हात लावायची मला परवानगी नाही. म्हटलं, निदान हे तरी आवरून देऊ. सगळं कचरापेटीत टाकलं. आणि काम अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून कचरापेटीही रिकामी केली.

वहिनी पदराला हात पुसत आल्या, खुर्चीत बसल्या, हेडफोन एका कानाला लावला आणि काहीतरी दाबलं. पडद्यावर ओळ आली : व्हीपीएन जोडता आलं नाही.

“भावोजी,” त्या न वळताच म्हणाल्या, “तुम्ही इथे बसला होतात?”

“थोडं आवरलं,” मी म्हणालो. कौतुकाची अपेक्षा होती.

आमच्या वहिनींचं काम कानाचं आणि पायाचं आहे. एका मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर एक्स-रे बघतात आणि काय दिसतंय ते बोलून ठेवतात. वहिनी ते घरी बसून ऐकतात आणि टाइप करून पाठवतात. टेबलाखाली शिलाई मशीनसारखं एक पायडल आहे. ते दाबलं की डॉक्टर बोलतात, पाय उचलला की गप्प होतात. “आयुष्यात एवढीच माणसं माझ्या पायाखाली आहेत,” असं त्या म्हणतात. हेडफोनचा दुसरा गोल मात्र कायम कानाच्या मागे सरकवलेला. तो कान आईसाठी.

आई पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून तिला आधाराशिवाय उठता येत नाही. वहिनींनी तिच्या पलंगाच्या कठड्याला सायकलची घंटी बसवून दिलीय. घंटी वाजली की वहिनी पायडलवरचा पाय उचलतात, डॉक्टर ‘डाव्या फुप्फुसाच्या...’ इथेच थांबतात, आणि वहिनी आईकडे धावतात. माझा भाऊ मालगाडीचा ड्रायव्हर. तो घरी कमी, रुळांवर जास्त. म्हणजे वहिनींनी घरूनच काम करायचं, नाहीतर आईपाशी दिवसभर कोणी नाही, असा सगळा सरळ हिशेब.

संगणक जुनाट होता. दुकानदाराने “भंगारात द्या” म्हणून सांगितलं, तेव्हा वहिनींनी कोणाला तरी विचारून त्यावरचं विंडोज काढून लिनक्स चढवलं. फुकट मिळतं म्हणून घेतलं, असं मला वाटायचं. तसं बोलूनही दाखवलं होतं.

“फुकट म्हणून नाही हो,” त्या म्हणाल्या होत्या, “गुमान काम करतं म्हणून. मधेच जाहिरात दाखवत नाही, उगाच सल्ला देत नाही. तुमच्या घराण्यात एवढं कोणाला जमलंय?”

आता रुग्णांची माहिती म्हटल्यावर ती काही उघड्या रस्त्याने पाठवता येत नाही. म्हणून घरापासून ऑफिसपर्यंत एक झाकलेला बोळ लागतो. आतून कोण काय घेऊन चाललंय ते बाहेरच्याला दिसत नाही. त्या बोळाला व्हीपीएन म्हणतात. आणि त्याच्या दाराच्या किल्ल्या म्हणजेच त्या मांजरनावाच्या फाइली. संगणकाने इमानदारीत लक्षात ठेवलं होतं, की किल्ली अमुक कप्प्यात आहे. बोळ होता, दार होतं, कप्पाही होता. किल्ली मी फेकून दिली होती.

“मी सिस्टिम नव्याने टाकून देतो,” मी म्हणालो. “किंवा इंटरनेटवर एक उपाय दिलाय, काळ्या खिडकीत आज्ञेच्या चार ओळी—”

“हात मागे.”

मी हात मागे घेतले.

वहिनींनी ऑफिसातल्या नेटवर्कवाल्याला फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, बहुधा माझ्यासाठीच.

“नवी किल्ली हवी होती.”

“मॅडम, जुनीचं काय झालं?”

“दिराने उडवली.”

मग तो म्हणाला, “माझ्याकडे मेहुणा आहे. किल्ली पाठवतो. पण मॅडम, साहेबांचा नवा नियम माहितीये ना? ज्यांचं घरचं कनेक्शन बंद पडेल त्यांना सोमवारपासून ऑफिसात बसवायचंय. दुपारी तीनला यादी जाते. तोवर तुम्ही जोडलेल्या दिसलात तर मला काही माहीत नाही. आणि तुमच्या त्या लिनक्सला आम्ही सपोर्ट देत नाही, तेवढं तुमचं तुम्ही बघा.”

“तेच बरं,” वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला. आवाज नेहमीसारखा होता, पण पाय रिकाम्या पायडलवर उगाचच खालीवर होत होता.

“मी काय करू?” मी विचारलं.

“आईंकडे जा. दार लोटून घ्या.”

आई उशीला टेकून रेडिओ नाटक ऐकत होती. ते वहिनींच्याच संगणकावर इंटरनेटवरून लागतं आणि लांब वायरीने आईच्या उशाशी ठेवलेल्या स्पीकरमधून येतं. नाटकात कोणी एक सासरेबुवा मृत्युपत्र वाचायला बसले होते.

“काय मोडलंस?” आईने विचारलं.

“काही नाही गं.”

“मग तुला इकडे कशाला पाठवलं? बस. पाण्याचा पेला दे. तो नव्हे, नळीचा. उशी वर घे. अरे, माझी मान धर आधी! तिला सांगावं लागत नाही रे एवढं.”

मग तिला बाथरूमला जायचं होतं. वॉकर पुढे ठेवायचा, मग तिने तो धरायचा, मग मी काखेत हात घालायचा, हा क्रम मी उलटा केला. दोघंही पलंगावर बसलो. आईला हसू आवरेना. “तुझ्या वडिलांशी नाचले असते तर असंच झालं असतं,” म्हणाली. दुसऱ्यांदा जमलं. परत येऊन पडेपर्यंत मला घाम फुटला होता. आणि हे वहिनी दोन फुप्फुसांच्या मधल्या वेळात करतात!

शेजारच्या खोलीतून माउसची टिकटिक ऐकू येत होती आणि वहिनींचं पुटपुटणं. “नेटवर्क... अधिकचं चिन्ह... फाइलमधून घ्या... बरं बाबा, घे. पासवर्ड? देते. आता काय हवंय?” त्या संगणकाशी, हट्ट करणाऱ्या भाच्याशी बोलावं तशा बोलतात.

मी दारातून मान आत घातली. नव्या किल्ल्यांसाठी त्यांनी वेगळा कप्पा केला होता. त्याचं नाव होतं, ‘भावोजींनी उघडू नये’.

“जोडलं का?”

“पासवर्डात अंकाची चूक झाली, पुन्हा करतेय. आत जा.”

भिंतीवरचं घड्याळ अडीचच्या पुढे सरकलं होतं. आत सासरेबुवा लिफाफा फाडत होते. “माझी सर्व मालमत्ता मी—” म्हणाले आणि नाटक बंद पडलं.

आईने माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात वर केले. ते मोकळे होते, माझ्या आयुष्यात प्रथमच मी निर्दोष होतो. आईने घंटीवर अंगठा ठेवला आणि अख्खी गल्ली गोळा होईल अशी वाजवली.

“अगं, माझं नाटक गेलं! मालमत्ता कोणाला दिली कळलंच नाही!”

“गेलं?” वहिनी पलीकडून ओरडल्या. “खरंच गेलं? अहो आई, लागलं मग! जोडलं गेलं!”

मी धावत गेलो. पडद्याच्या कोपऱ्यात छोटं कुलूप आलं होतं. नव्या बोळाला काही बजावून ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे घरचं जे जे बाहेर जातं-येतं ते सगळं तो ऑफिसमार्गेच नेत होता. आईचं नाटकही त्याने नेलं, आणि ऑफिसच्या पहारेकऱ्याने दारातूनच हाकललं. तिथे कामाच्या वेळात नाटकं चालत नाहीत. वहिनींनी सेटिंगमध्ये ‘हे कनेक्शन फक्त ऑफिसच्या कामापुरतं’ अशा अर्थाच्या चौकोनात खूण केली, एकदा बंद करून चालू केलं. कुलूप परत आलं. आतून सासरेबुवांच्या सुनेचा हंबरडा ऐकू आला.

“धाकट्याला दिली वाटतं सगळी,” आईने आतून बातमी दिली. “मेला दिवसभर नुसता हिंडत असतो तो.”

वहिनींनी हेडफोन एका कानाला लावला, पायडल दाबलं. कुणाच्या तरी बरगड्यांबद्दल डॉक्टर बोलायला लागले आणि वहिनींची बोटं पळायला लागली. नेटवर्कवाल्याचा निरोप आला, ‘दिसताय मॅडम.’ तेव्हा कुठे त्यांनी खुर्चीला पाठ टेकली आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून पदराने पुसला. पुसायला काही नव्हतं त्यावर. मी दुसरीकडे बघितलं.

मला फार भरून आलं होतं. अशा वेळी माणसाने गप्प बसावं, पण ते आमच्या घराण्यात नाही.

“वहिनी,” मी म्हणालो, “झालं ते झालं. आजपासून हा संगणक माझी जबाबदारी. दर रविवारी येऊन मी तो तपासून जाईन.”

वहिनींनी पायडलवरचा पाय उचलला.

“संगणकाचं माझं मी बघते, तुम्ही रविवारी येऊन आईंजवळ बसा.”