गयाबाईंची दोन लेकरं

सोपानचा फोन आला तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होते. "मॅडम, आई गेली. सकाळी शेळ्या सोडताना पडली, उठलीच नाय." मी बरं म्हटलं, कधी नेणार ते विचारलं आणि फोन ठेवून उरलेल्या उत्तरपत्रिका तपासल्या. गुण बरोबर दिले होते, नंतर पाहिलं.

मी शहरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात आनुवंशिकी शिकवते. सोपानची आई गयाबाई खुलताबादजवळच्या वस्तीवरच्या. त्यांचा थोरला लहानपणी दात पडल्यावर रक्त थांबेना म्हणून गेला. धाकट्या सोपानलाही तोच आजार, हिमोफिलिया. त्याला घेऊन त्या आमच्या रुग्णालयात यायच्या. एकदा मी भीत भीत विचारलं, माझ्या विद्यार्थ्यांसमोर बसाल का... तेव्हापासून अकरा वर्षं त्या दर वर्षी वर्गात आल्या. त्या सांगायच्या आणि मुलं फळ्यावर त्यांच्या घराण्याची वंशावळ काढायची, पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. लेकरं किती, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "दोन. दोन्ही पोरगेच." आठवडाभर पुस्तकातून शिकवून जे कळत नसे, ते त्यांच्या एका तासात कळायचं.

एका वर्षी एकानं सरळच विचारलं, म्हणजे दोष आईकडून आला ना? मी घाईघाईनं सांगू लागले की आईला स्वतःला त्रास नसतो, ती फक्त वाहक असते. गयाबाईंनी मला थांबवलं. "वाहक म्हंजे कंडक्टर व्हय? एसटीत लिवलेलं असतं."

मी हो म्हटलं.

"मंग त्याला इचारून गाडीत कोण बसतं?"

सासूनं आयुष्यभर पांढऱ्या पायाची म्हटलं, हे त्यांनी मला त्या दिवशी जाताना जिन्यात सांगितलं, तेही सहज बोलल्यासारखं.

पाचव्या दिवशी मी वस्तीवर गेले. ओसरीवर सोपानशेजारी त्याच्याच तोंडवळ्याची एक बाई बसली होती. सोपान खाली बघत म्हणाला, "ही मंगल. मधली बहीण."

मंगल म्हणाली, "आई म्हणायची, मॅडमच्या फळ्यावर तुझं नाव गेलं की तुझं लगीन व्हायचं नाय."

लग्न झालं होतं. गारखेड्यात दिलेली, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. तीन वर्षं ती मूल टाळत होती आणि कारण नवऱ्यालाही सांगत नव्हती. अशा आईच्या मुलीत तो दोष असण्याची शक्यता निम्मी, आणि तो आहे की नाही हे रक्त तपासून कळतं... हे मी अकरा वर्षं गयाबाईंच्या समोर शिकवत होते.

दोन आठवड्यांनी मंगल एकटीच आली, रक्त देऊन गेली. अहवाल आला. तिच्यात दोष नव्हता. तिनं तो कागद दोनदा वाचला. "आईला सांगायचं राहिलं," एवढंच म्हणाली. ती रडली नाही, मीही नाही. मी तिला पाणी दिलं.

हे लिहायला तिनं होकार दिला आहे. नावं मी बदलली आहेत. गेल्या सोमवारी तोच तास घेतला, गयाबाईंशिवाय. मंगलनं सांगितलं होतं म्हणून दोन चौकोनांच्या मध्ये तिचं वर्तुळ काढलं. तास संपला की गयाबाई स्वतः उठून फळा पुसायच्या. मुलं अडवायची, मावशी राहू द्या म्हणायची, पण त्या ऐकायच्या नाहीत. खडूची एक रेघ मागं ठेवायच्या नाहीत. मला ती नीटनेटक्या बाईची सवय वाटायची. सोमवारी मुलं निघून गेली. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. तरी मी डस्टर घेतलं आणि कोपऱ्यापर्यंत फळा पुसला.