कोनी मेला नाई

बपेऱ्यात तोवर माणूस तीनच कारणांनी धावत असे. बैल सुटला म्हणून, एस.टी. सुटली म्हणून, नाही तर कोणी मेले म्हणून. एकोणीसशे शहाऐंशी साली गुलाब रामटेक्याने चौथे कारण काढले आणि ते गावाला शेवटपर्यंत पटले नाही.

गुलाब शाळेत शिपाई होता. चौतीस वर्षांचा, अंगाने काटकुळा. त्या वर्षी जिल्ह्याने बपेरा ते तुमसर अशी राष्ट्रीय एकात्मता मॅरेथॉन ठरवली. अंतर थोडे कमी भरत होते, तेव्हा उरलेले मीटर तुमसरच्या मैदानाला फेऱ्या मारून भरून काढावेत असा साहेबांनी शेरा मारला. परिपत्रक शाळेत आले, हेडमास्तरांच्या टेबलावरून खेळाच्या श्यामराव मास्तरांच्या टेबलावर गेले. श्यामरावांनी शाळेची लाज राखायला गुलाबचे नाव टाकून दिले. आख्ख्या शाळेत खुर्ची नसलेला तोच एक होता, म्हणजे पायांची सवय त्यालाच असणार, असा त्यांचा हिशेब.

गुलाबने मात्र गोष्ट मनावर घेतली. त्याचा बाप केशवराव गावचा कोतवाल. कोणी मेले की आसपासच्या गावी सोयऱ्यांना निरोप द्यायला केशवरावच धावत जायचे. निरोप्याची रीत ठरलेली होती. अंगणाबाहेर उभे राहायचे, नाव सांगायचे आणि पाठ फिरवायची. त्याला कोणी बस म्हणत नसे, पाणी विचारत नसे. मौत घेऊन आलेल्या माणसाला घरात थारा कशाला, असे म्हणत. जात त्यात नव्हतीच, असेही लोक वर सांगत, आणि सांगताना दुसरीकडे बघत. छप्पनच्या दीक्षेनंतर केशवरावांनी गावाची बाकीची कामे टाकली, पण हे काम सुटले नाही. मेलेल्या माणसाला नाही कसे म्हणावे, असे ते म्हणत. ते स्वतः गेले तेव्हा निरोप न्यायला गावात एकाचेही पाय मोकळे नव्हते. गुलाबच सायकल काढून बहिणीच्या गावी गेला होता.

म्हणून त्याला एकदा, आयुष्यात एकदाच, कोणाचा काही निरोप न घेता धावायचे होते. बायकोला, मालनबाईला, त्याने तसे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि आधी पायात जोडे तर घाला म्हणाली. तुमसरच्या बाजारातून पांढरे कॅन्व्हासचे जोडे आले.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. पहाटे गुलाब धावत पुढच्या गावात, सोनपुरीत शिरला. तिथे कौशल्याबाई सडा टाकत होती. तिचे माहेर बपेऱ्याचे, आणि तिथे तिचा भाऊ मारोतराव महिनाभर खोकत पडलेला. केशव कोतवालाचा पोरगा बपेऱ्याकडून धावत येतो म्हटल्यावर तिने बादली टाकली आणि गळा काढला. गुलाब काही सांगायला थांबला नाही, कारण श्यामराव मास्तरांनी मध्ये थांबायला सक्त मनाई केली होती. न सांगता गेला म्हणजे बातमी फारच वाईट असणार, असे शेजाऱ्यांनी ठरवले. बैलगाडी जुंपली. रडत, ऊर बडवत सारी मंडळी बपेऱ्याला पोचली, तेव्हा मारोतराव ओसरीवर मिरचीची भाजी आणि भाकर खात बसले होते. स्वतःसाठी एवढी माणसे रडत आलेली पाहून त्यांना आधी बरे वाटले, मग राग आला.

प्रकरण पुंडलिकराव पाटलांकडे गेले. आपल्याला जिताच मारले, अशी मारोतरावांची तक्रार. पाटील न्यायी माणूस. ते कोणाचेच पूर्ण ऐकत नसत. त्यांनी निकाल दिला की धावणे सरकारी आहे, ते बंद करता येत नाही. पण गुलाबने प्रत्येक गावाच्या शिवेवर मोठ्याने सांगावे, की कोनी मेला नाई.

झाले. निरोपातून सुटायला निघालेल्या माणसाच्या गळ्यात पाटलांनी नवा निरोप बांधला. दोन महिने गुलाब रोज पहाटे “कोनी मेला नाई” असे ओरडत धावला. लोक अंथरुणात दचकून उठायचे. कोणी मेले नाही हे कोणी मुद्दाम ओरडून सांगते काय? नक्की काहीतरी दडवून राहिला, असे बायका एकमेकींना सांगायच्या. बाजारच्या दिवशी बपेऱ्याच्या माणसाला धरून धरून विचारायच्या. ओरडण्यात गुलाबचा दम जाई तो वेगळाच. श्यामरावांनी सायकलवरून मागे येत सल्ला दिला, की श्वास सोडताना ओरडून घ्यावे.

शर्यतीच्या दिवशी मात्र ओरडायचे नाही, असे गुलाबने ठरवले होते. सकाळी मंत्रीसाहेबांची दोन तास वाट पाहिली. ते आले नाहीत, त्यांचे भाषण आले. जात, धर्म, पंथ विसरून धावा, असे ते भाषण दुसऱ्या कोणीतरी वाचून दाखवले आणि झेंडी पडली. वीसेक जण सुटले. सोनपुरीपर्यंत गुलाब पाचवा होता.

आज सोनपुरीच्या शिवेवर तो गप्प राहिला. छाती भरून आली होती, दमाने नव्हे, आनंदाने. बाप याच रस्त्याने आयुष्यभर धावला, पण असा कधी धावला नाही. सोनपुरीचे पाण्याचे टेबल मंडपासकट लागले होते, फक्त पाणी स्वयंसेवकांनीच पिऊन टाकले होते. त्यापलीकडे कौशल्याबाईचे घर. ती दारात उभी होती. रोजची आरोळी आज आली नव्हती. तिचा हात छातीवर होता आणि नजर त्याच्या तोंडावर.

गुलाब चार पावले पुढे गेला. मग थांबला. त्याच्या बापाने कोणाला असे उभे ठेवून कधी वाट धरली नव्हती.

“कोनी मेला नाई, माय,” तो म्हणाला. “मारोतराव भाऊ चांगले हाय. आत्ता झेंडीपाशी तंबाखू मळत उभे होते.”

कौशल्याबाईने डोळे पुसले. त्याच्या घामाकडे, मातीने भरलेल्या पांढऱ्या जोड्यांकडे पाहिले.

“मंग घडीभर बस,” ती म्हणाली. “पानी पी. तुह्या बापानं माह्या माय-बापाचा, दोघायचा सांगावा आनला. मी त्याले कदी बस म्हनलं नाई.”

तिने तांब्या आणला. वरून ओतला नाही, हातात दिला. गुलाब ओसरीवर चढला, भिंतीला टेकून बसला आणि सावकाश पाणी प्यायला. रस्त्यावरून एकेक धावणारा पुढे जात होता, त्यांना त्याने जाऊ दिले. श्यामराव मास्तर सायकलवरून उतरून उठ, उठ म्हणत होते. तो दुसरा तांब्या मागत होता.

तुमसरला तो पोचला तेव्हा मंडप उतरत होता. बक्षिसे वाटून झाली होती. तरी त्याने मैदानाच्या फेऱ्या एकही न चुकवता मारल्या. एक गुराखी आणि त्याच्या म्हशी तेवढ्या बघत होत्या.

संध्याकाळी घरी मालनबाईने कितवा नंबर आला म्हणून विचारले.

“आखरीचा. मधात बसलो होतो.”

“कायले?”

गुलाबने जोडे काढून बापाच्या फोटोखाली ठेवले. “बस म्हनलं म्हनून,” तो म्हणाला.