हप्त्यात न धरलेला माणूस

आमचा कारखाना म्हणजे शिंदे की छावनीतली एक लांबट शेड, तीन मशिनं आणि सहा माणसं. आम्ही पुठ्ठ्याचे डबे करतो. थंडीत ग्वाल्हेरभर तिळगुळाची गजक खपते, आणि ती ज्या डब्यांतून घरोघरी जाते त्यातले बरेच आमचे असतात. गजकेची आठवण लोक वर्षभर काढतात, डब्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. वडिलांनी सुरू केलेलं हे काम त्यांच्यामागे माझ्याकडे आलं, कारण भाऊ शहर सोडून गेला आणि मी दाना ओली मोहल्ल्यातल्या घरीच राहिले.

कामगारांचा विमा मी त्यांच्या काळजीपोटी काढला असं सांगायला मला आवडलं असतं. तसं काही नव्हतं. आमच्याकडून सगळ्यात जास्त माल उचलणाऱ्या मिठाईवाल्याने अट घातली, की विम्याचा कागद दाखवा, नाहीतर डबे दुसरीकडून घेऊ. पोटावर पाय येतोय म्हटल्यावर मी दुसऱ्याच दिवशी एजंटला बोलावलं.

एजंट मोठा नम्र माणूस होता. खुर्चीच्या अगदी कडेवर बसून त्याने मला हप्त्याचं गणित समजावलं. "दीदी, तीन ही बातें हैं. आदमी कितने, पगार कितनी, और काम कैसा." डबे चिकटवणाऱ्या बायकांचा दर कमी. गठ्ठे बांधणाऱ्याचा जरा जास्त. पंचिंग मशीनवर जो असेल त्याचा सगळ्यात जास्त. हे मशीन म्हणजे दोन जाड लोखंडी पाटे. पाटे उघडले की मध्ये पुठ्ठा सरकवायचा, ते मिटले की डब्याचा आकार कापला जातो, पुन्हा उघडले की तो काढून घ्यायचा. दिवसातून हजारदा माणसाचा हात त्या पाट्यांच्या मध्ये जाऊन येतो. दर जास्त का, ते मला कोणी समजावायची गरज नव्हती.

पंचिंगवर मामा होते.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. छावनीतल्या एका मराठा घरातले, पणजोबा पलटणीत होते असं अभिमानाने सांगणारे. वडिलांनी कामावर घेतलेला पहिला माणूस तो. माझ्या आईला भाऊ नव्हता. एका भाऊबीजेला ते काही निरोप घेऊन घरी आले, तर आईने त्यांना पाटावर बसवून ओवाळलं. तेव्हापासून ते आमचे मामा झाले. आई जाईपर्यंत दरवर्षी ते तिला ओवाळणी घालत, आम्ही दिलेल्या पगारातून. मला "बेटा" म्हणत, अगं-तुगं करत, चुकलं तर चार माणसांदेखत रागवत. मीही ऐकून घेत असे.

मी एजंटला एकेक नाव सांगत होते. मामा फडक्याला हात पुसत तिथे आले आणि म्हणाले, "माझं नाव त्यात नको टाकू. मी काय लेबर आहे का? उद्या कोणी बघेल तर काय म्हणेल, भाचीने मामाला मजुरांत लिहिलं?"

मी त्यांना खाली बसवायला हवं होतं. मामा, हा मानाचा कागद नाही, हाताचा कागद आहे, असं सांगायला हवं होतं. मी ती पडत्या फळाची आज्ञा मानली. कारखान्यात सगळ्यात जास्त पगार त्यांचा आणि सगळ्यात धोक्याचं काम त्यांचं, त्यामुळे तेवढं एक नाव गळताच हप्ता निम्म्यावर आला. एजंटने पेन थांबवून विचारलं, "फिर पंचिंग पर कौन है?" मी म्हटलं, "वो घर के हैं." त्याने खांदे उडवले आणि बेरीज मारली. त्यांच्या एकट्याचा वर्षाचा हप्ता आमच्या घरच्या महिन्याच्या दुधाच्या बिलाहून कमी होता. आणि मी मनात म्हटलं काय, तर मामांचा मान राखला! माणूस स्वतःशी किती गोड बोलतो.

त्या मशीनला एक सुरक्षेची दांडी होती. हाताचा धक्का लागला की मशीन जागीच थांबायचं. थंडीत ऑर्डरी वाढल्या की हे सारखं थांबणं परवडत नसे, म्हणून मामांनी ती दांडी सुतळीने वर बांधून टाकली होती. ही गोष्ट मला माहीत होती. मी रोज त्या सुतळीसमोरून जात होते.

जानेवारीत भर दुपारी मशीनचा आवाज बदलला. मी ऑफिसातून धावले तेव्हा गठ्ठे बांधणाऱ्याने बटण बंद केलं होतं आणि चिकटवणाऱ्या बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. मामा ओरडत नव्हते. ते मला म्हणाले, "बेटा, तू बाहेर जा, तू नको बघू." उजवा हात मनगटापासून काढावा लागला.

दवाखान्याच्या व्हरांड्यातून मी एजंटला फोन केला. तो म्हणाला, "दीदी, नाम तो है ही नहीं." मागची तारीख घालून नाव चढवता येईल का, असंही मी त्याला विचारलं. तो नाही म्हणाला. त्या दिवशी आमच्या दोघांत इमानदार माणूस एकच होता, आणि तो मी नव्हते.

दवाखान्याचा सगळा खर्च मी केला. हे मी पुष्कळ लोकांना सांगितलं.

मग मामींनी भरपाईसाठी अर्ज लावला. श्रम कार्यालयाची नोटीस हातात पडली तेव्हा मला, खरं सांगते, आधी रागच आला. एवढं केलं त्यांचं, आणि ही फेड! तो राग घेऊनच मी वकिलांकडे गेले. त्यांनी शांतपणे सांगितलं, की विमा असेल तर कंपनी देते आणि नसेल तर मालकाला पदरचे द्यावे लागतात. विमा नव्हता म्हणजे देणं नाही, असं होत नाही. मामांचा पगार, त्यांचं वय आणि गेलेला हात धरून त्यांनी रकमेचा अंदाज सांगितला. तेवढी द्यायची तर मशिनांसकट शेड विकावी लागली असती.

"पण ते तुमचे नोकर होते याला कागद काय आहे?" वकिलांनी विचारलं.

कागद कुठलाच नव्हता. इतरांच्या हजेरीच्या वहीतही मामांचं नाव नसायचं. पगार पाकिटातून, हातात.

"आणि ते स्वतः काय सांगतील?"

मी नोटिशीची घडी घातली. वकील म्हणाले, "तारखेच्या आधी एकदा घरी जाऊन या. बोलायचं काही नाही. नुसत्या पाया पडून या."

मी गेले. मामा खाटेवर बसले होते, हातावर शाल ओढलेली. मामींनी मला पाणी दिलं आणि आत निघून गेल्या. मी वाकून पाया पडले. मामांनी सवयीने उजवा हात उचलला, मग डावा माझ्या डोक्यावर ठेवला. "सुखी राहा," म्हणाले. मला तिथेच रडू फुटलं, आणि ते रडणं खरं होतं. खरं असूनही ते माझ्या कामाला आलं, याची मला आजही शिसारी येते.

तारखेला मामा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. बाहीचं रिकामं टोक मामींनी पिनेने वर दुमडलं होतं. श्रम कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं, "आप इनके यहाँ नौकरी करते थे?"

मामींनी त्यांच्याकडे बघितलं. मामांनी बघितलं माझ्याकडे.

"नौकर नहीं हूँ, साहब. इनकी माँ ने मुझे भाई माना था. घर का काम था, करता था."

"अहो, काय बोलताय!" मामी मराठीत ओरडल्या. साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं आणि माझ्याकडे वळले. "आप क्या कहती हैं? ये आपके कौन हैं?"

एवढाच प्रश्न होता. मजूर आहेत, इतक्या वर्षांचे मजूर आहेत, पगार मी देत होते, मशीन माझं होतं. चार वाक्यं. माझ्या जिभेवर ती होतीही. मला शेड दिसली, दाराला दुसऱ्याचं कुलूप दिसलं.

"जी, मामा लगते हैं," मी म्हटलं.

अर्ज नामंजूर झाला. व्हरांड्यात मामी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, शिव्या देतील. त्या म्हणाल्या, "आंघोळ मी घालते त्यांना. बटणं मी लावते. तुम्ही एकदा येऊन बघा, तो माणूस माझ्यासमोर कसा उभा असतो ते." मी गेले नाही.

वर्ष सरलं. विम्याची मुदत संपत आली तसा एजंट पुन्हा आला. पंचिंगवर आता बाहेरगावचा एक माणूस आहे, माझ्या नात्याचा ना गोत्याचा. त्याचं नाव मी सगळ्यात आधी सांगितलं, पूर्ण पगारासकट. ती सुतळीही मी कापून टाकली आहे. शहाणपण आलं, पण दुसऱ्याच्या हाताच्या किमतीवर.

आम्ही यादी करत असताना दारात मामा दिसले. आत आले नाहीत, चपला काढून उंबऱ्यापाशीच थांबले. मी उठले. "मामा, बाहेर का उभे?"

"मॅडम," ते म्हणाले, "चौकीदाराची जागा असेल तर बघा. एका हाताने टॉर्च धरता येतो."

मामांची नजर माझ्याकडे नव्हतीच, ती एजंटच्या पेनाकडे होती.

"आणि नाव लिहून घ्या," ते म्हणाले. "लेबरमध्येच लिहा."

मी एजंटला त्यांचं नाव सांगितलं. त्याने लिहिलं, दर बघितला आणि मला धीर द्यावा तसा म्हणाला, "दीदी, चिंता मत कीजिए, चौकीदार का बहुत कम लगता है."