आडवी न गेलेली मांजर

चंद्राआक्का गेल्याचे मला खालापुरात कळले. लेकीच्या बाळंतपणासाठी मी तिकडे होते. अंगणात बाळाची दुपटी वाळत घालत होते, तेवढ्यात कर्जतचा, आमच्याच आळीतला एक जण भाताच्या गाडीवरून उतरला आणि उतरता उतरताच म्हणाला, "म्हातारी गेली गं." कुठली म्हातारी, हे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. आमच्या आळीत म्हाताऱ्या पुष्कळ आहेत, मीही त्यातलीच. पण नुसते म्हातारी म्हटले की ती एकच. हातातली दुपटी वाळत घालून झाल्यावर मी विचारले, "मांजर कुठं हाय?" तो म्हणाला, "दारात बसलीय. तिरडी उचलताना जागची हलली नाय."

हलणार कशी? बाहेर निघालेल्या माणसाला पाहून काय करायचे, हे आक्काच्या तोंडून ऐकल्याशिवाय ही मांजर काही करत नसे. या मांजरीला तिने शिकवले होते ते आधीच्या मांजरीहून वेगळे होते, आणि ते का, हेच मला सांगायचे आहे. बाकी तिच्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. ती सुकी मासळी विकायची. दिसायला बेताची, बोलायला तिखट. नवरा प्लेगात गेला. दोन मुले पाळण्यातच गेली, तेव्हा तिसऱ्याला दृष्ट लागू नये म्हणून दगडू नाव ठेवले. तो जगला. तिचे घर आणि माझे घर समोरासमोर, मधे स्टेशनाकडे जाणारी वाट, दोन बैलगाड्या जेमतेम जातील एवढी.

सुकट-जवळ्याच्या टोपल्या ओट्यावर मांडून बसणाऱ्या बाईच्या दारात मांजरे जमणारच. दुसरी कुणी काठी घेऊन बसली असती. आक्काने त्यांना शिकवायला घेतले. पहिला शब्द 'नको'. मांजराने टोपलीकडे तोंड नेले की ती हात न उगारता, आवाज न चढवता म्हणायची, "नको." मांजर थबकले की लगेच मुठीतली सुकट त्याच्यापुढे. मी म्हणाले, "आक्का, चोराला तू चोरीबद्दल बक्षीस देतेस." ती म्हणाली, "थांबल्याबद्दल देते. मारलं तर ते शब्द नाय शिकत, मला वळखायला शिकतं. मी आत गेले की टोपली साफ." शिकवायची वेळही ठरलेली, मांजर उपाशी असेल तेव्हाची. पोट भरलेल्या मांजराला ती कधी शब्द घालत नसे. एक शब्द पक्का झाल्याशिवाय दुसरा नाही. आवाज रोज तोच, चढ नाही की उतार नाही. महिन्याभरात मला दिसले की टोपल्या उघड्या आहेत, आक्का नळावर गेली आहे आणि ठकी नावाची तिची करडी मांजर टोपलीशेजारी पाठ करून बसली आहे. बायका लांबून बघायला येत. मलाही गंमत वाटली, कशाला खोटे बोलू?

पण वाटेवरचे घर म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याला मांजर आडवे जाणारच. कुणी कचेरीत निघालेला, कुणी मुलगी बघायला, कुणी गाडी गाठायला. ठकी आडवी गेली की माणूस परत घरी. घरी यायचे, बसायचे, पाणी प्यायचे, मग पुन्हा निघायचे, ही आमच्याकडची रीत. गाडी चुकली की शिव्या आक्काला. सगळ्यात मोठा आवाज यमुनेचा. तिचे घर आळीच्या टोकाला आणि नवऱ्याची कचेरीत जमिनीची तक्रार चाललेली. ती एकदा गोणपाटच घेऊन आली. "आजच्या आज भरते हिला यात आन् सोडते नदीपल्याड!" आक्का शांतपणे म्हणाली, "भर की. तुझा नवरा कचेरीत हरतो तो ठकीमुळं, व्हय? मग जिंकून देते मी तुला. चार दिस थांब."

तेव्हा तिने ठकीला 'बस' शिकवले. वाटेने कुणी गाठोडे नाहीतर वळकटी घेऊन येताना दिसले की "बस" म्हणायचे. ठकी असेल तिथे बसायची, शेपटी पायांभोवती गुंडाळून, माणूस वळणापलीकडे जाईपर्यंत. पुढे पुढे तर शब्दाचीही गरज उरली नाही. काखेत वळकटी दिसली की ती आपणहून बसायची. यमुनेचा नवरा त्यानंतरही हरला. घरी येऊन म्हणाला, "आता दोष तरी कुणाला देऊ? मांजर तर बसली व्हती." आळी हसली. गोणपाट यमुनेच्या माळ्यावर गेले. आक्काला त्या दिवसांत मी खूश पाहिली आहे, तशी मग पाहिली नाही.

मोठ्या लढाईच्या वर्षांत पलटणीत भरती करणारे बाजारच्या दिवशी येत. दगडू त्यांच्यापाशी अंगठा देऊन आला. अंगाने भरलेला, नुकती मिसरूड फुटलेली. आईला सांगायच्या आधी मला सांगितले, "काकी, पुण्याला बोलावलंय. तू सांग ना आयेला." मी म्हणाले, "तुझ्या तोंडाला काय झालं?" मग त्याने स्वतःच सांगितले. आक्का रडली नाही, अडवले नाही. एवढेच विचारले, "कवा?"

तो निघाला त्या सकाळी आक्का माझ्या ओट्यावर येऊन उभी राहिली. म्हणाली, "इथून वळणापर्यंत दिसतो." ठकी पलीकडे, आक्काच्या ओट्यावर. दगडू आत देवापुढे पाया पडत होता. मी आक्काकडे पाहिले तर तिची मूठ आवळलेली आणि मुठीतून सुकटीचा वास. दगडू बाहेर आला, काखेत वळकटी. माझे यजमान त्याला स्टेशनापर्यंत सोडायला निघाले होते, ते पुढे झाले. दगडू वाटेवर आला तशी आक्का खाली वाकली आणि मूठ उघडून म्हणाली, "ये. ठके, ये."

ठकी उठली. दोन पावले आली... मग तिने दगडूच्या काखेकडे पाहिले आणि ओट्याच्या कडेला बसली. शेपटी पायांभोवती.

"ये गं, ये." आक्काचा आवाज चढला. तिचा आवाज चढलेला मांजराने कधी ऐकला नव्हता. ठकीचे कान मागे गेले, पण ती हलली नाही. दगडू हसला. म्हणाला, "आये, बघ की, तुझी मांजर माझ्यासाठी बी बसली!" त्याला त्याचे अप्रूप वाटले. आळीतल्या मोठ्या माणसांना मिळायचा तो मान आज आपल्याला, असे काहीतरी. आणि तो गेला. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नसते, ते आक्काला मोडता येईना. ती नुसती उभी राहिली, हातात सुकट घेऊन.

थोड्या वेळाने यजमान परत आले. डोक्याची टोपी काढत म्हणाले, "गाडी उभीच हाय अजून. घाट चढायचा ना, मागचं इंजिन जोडतायत. पोरगा बसलाय खिडकीत." कर्जतला घाटाकडे जाणारी गाडी नेहमीच तशी थांबते, आम्हा सगळ्यांना ते ठाऊक. आक्काने ते ऐकले आणि ठकीकडे पाहिले. मग इंजिनाची शिटी झाली.

दगडू परत आला नाही. समुद्रापल्याड, बसऱ्याकडे तापाने गेला, असे कचेरीतून सांगण्यात आले. लढाईत नव्हे, तापाने. आळीतल्या बायका म्हणाल्या, आता ती मांजरीला हाकलणार. आक्काने हाकलले नाही. तिला खायला घालायची, पण शब्द बोलेनाशी झाली. टोपल्यांवर झाकण ठेवू लागली. ठकी आपली रोज त्याच वेळी समोर येऊन तोंडाकडे बघत बसायची, आता सांगेल, मग सांगेल म्हणून. ते मला बघवत नसे. मी दार लावून घ्यायची.

पुष्कळ दिवसांनी एका दुपारी बघते तर आक्का स्वतः काखेत वळकटी घेऊन वाटेवर येरझारा घालते आहे आणि ठकीला म्हणते आहे, "ये. ये." ठकी बसलेलीच. लोक म्हणाले, चंद्राच्या डोक्यावर परिणाम झाला. मी जाऊन विचारले, "हे काय चालवलंस?" म्हणाली, "शिकवलेलं काढतेय." ते ठकीच्या अंगातून निघाले नाही. मरेपर्यंत ती वळकटी पाहून बसत राहिली. पण तिच्या पिलाला आक्काने नव्याने शिकवले. वळकटीवाला दिसला आणि आक्का माझ्या ओट्यावरून "ये" म्हणाली, की पिलू वाट ओलांडून तिच्याकडे.

हे आळीला कळले तेव्हा यमुना पुन्हा भांडायला येईल असे मला वाटले. ती आली, पण पदर डोक्यावर घेऊन, मागच्या दाराने. तिचा राम बोटीवर खलाशी म्हणून निघाला होता. यमुना म्हणाली, "आक्का, उद्या तुझी मांजर... जरा सोडशील?" आक्का म्हणाली, "गोणपाट आणलंस का?" मग दोघीही हसल्या, आणि यमुनेने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी राम निघाला आणि मांजर बरोबर त्याच्या पुढून गेली. राम चिडला, पण माघारी वळला. घरात जाऊन बसला, आईच्या हातचे पाणी प्याला, वर गुळाचा खडा खाल्ला. मग उठला आणि पुढच्या गाडीने गेला. संध्याकाळी यमुना तणतणत आली. "काय उपेग झाला गं तुझ्या मांजरीचा? गेलाच की!"

आक्का टोपलीतली सुकट निवडत होती. म्हणाली, "जाणारच व्हता. पाणी प्याला ना तुझ्या हातचं?"

आक्का मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पारू, तुला काय वाटलं, मी दगडूला ठेवून घेनार व्हते? अंगठा दिलेला पोरगा. मांजरीनं का पलटण अडते? पुन्यांदा आत आला असता, बसला असता... पाणी दिलं असतं. तेवढंच. आन् गाडी तर थांबलीच व्हती."

त्या दिवसानंतर ती दगडूविषयी माझ्याशी बोलली नाही. पण मागच्या दाराने बायका येत राहिल्या. कुणाचा मुलगा मुंबईला गिरणीत, कुणाची मुलगी पहिल्यांदा सासरी. आक्काने कुणाला नाही म्हटले नाही आणि कुणाकडून काही घेतले नाही. पुरुष म्हणायचे, आळीत मांजरांचा सुळसुळाट झालाय. बायका मान डोलवायच्या.

आता मी कर्जतला परत आले आहे. आक्काचे दार बंद असते. ती शेवटची मांजर त्याच ओट्यावर बसून वाटेकडे बघते. मी सुकट टाकते, ती खाते, पण माझ्या शब्दाला ओळखत नाही. मी तिला "ये" म्हणूनही पाहिले. आवाज माझा आहे, आक्काचा नाही.

गेल्या आठवड्यात माझा नातू वसंता पुण्याला नोकरीवर निघाला. मी ओट्यावर उभी. मांजर समोर आक्काच्या ओट्याच्या कोपऱ्यात अंगाचे वेटोळे करून झोपलेली. वसंता तिच्यापुढून गेला, ट्रंक डोक्यावर, वळणापर्यंत पोचला. मांजर आडवी जाण्यावर माझा विश्वास नाही, पूर्वीही नव्हता. मागून हाक मारू नये, हे मात्र मी जन्मभर पाळले होते.

"वसंता!" मी ओरडले. "माघारी ये रं. मांजर आडवी गेली."

तो वळला. "कुठं, आजी? ती तर झोपलीय."

"दुसरी व्हती. मी बघितली."

"गाडी जाईल ना माझी!"

"इंजिन जोडायचं हाय अजून. ये."

तो परत आला. ट्रंक खाली ठेवून ओट्यावर बसला, कुरकुरत. मी आत जाऊन पाणी आणले. तो सगळे प्याला आणि मी तांब्या हातात धरून तो पिताना बघत उभी राहिले.