कॅप्टनची बायको

शर्टांच्या त्या कारखान्यात मशिनं पुढच्या हॉलमध्ये आणि हातकाम मागच्या खोलीत. बटणं लावा, काजं करा, दोरे कापा. मागच्या खोलीत एक रीत पडली होती: एकीने पुस्तक वाचायचं, बाकीच्यांनी तिच्या वाटची बटणं लावून टाकायची. वाचणारीला खिडकीजवळची खुर्ची. त्या खुर्चीत वर्षानुवर्षं जी बसत आली होती, तिला समोर सगळ्या रेडिओताई म्हणत, पाठीमागे नुसतंच रेडिओ.

रेडिओची पुस्तकं ठरलेली. छळ, ताटातूट आणि शेवटी दुखणं. ती वाचायला लागली की बायकांना सुईत दोरा ओवता यायचा नाही. घरी मात्र तिने तोंड उघडलं की नवरा टीव्हीचा आवाज वाढवायचा. म्हणून त्या खुर्चीत तिचा जीव अडकलेला.

आणि नेमका तिचा घसा बसला. आठवडाभराने कामावर परतते तर खुर्चीत काजवाली! नुकतीच लागलेली, चिमणीएवढ्या आवाजाची बाई. मांडीवर भावाचं जाडजूड पुस्तक, वर रणगाड्याचं चित्र.

"हे एवढं संपू दे ना ताई," दोरे कापणारी म्हणाली. "कॅप्टन वेढ्यात अडकलाय."

"आणि बायको तिकडे त्याचा शर्ट रोज धुऊन वाळत घालते," तिची शेजारीण म्हणाली. "तो घालतच नाहीये, तरी धुते."

रेडिओच्या अंगाचा तिळपापड झाला. ही काल आलेली, हिला धड ओरडताही येत नाही, आणि हिचं ऐकतात! सुट्टीच्या आदल्या दिवशी तिने पुस्तक मागितलं. काजवालीने ते द्यायला जरा आढेवेढेच घेतले.

सुट्टीचा अख्खा दिवस रेडिओ त्या पुस्तकाशी झगडली. मेजर कोण, कर्नल कोण, कोण कोणाला सलाम ठोकतोय, सगळं डोक्यावरून. दर चार पानांनी एक पूल उडायचा. पण मत्सर वाईट, त्याने तिला शेवटच्या पानापर्यंत ओढत नेलं. तिथे पोचल्यावर ती मोठ्याने हसली. कॅप्टनची बायको सबंध पुस्तकात एकदाच येत होती, तीही पाकिटातल्या फोटोत. शर्टाचा पत्ताच नव्हता. काजवाली मनचं वाचत होती!

दुसऱ्या दिवशी रेडिओ खुर्चीत जाऊन बसली. "आज मी वाचते. हेच."

जे छापलं होतं तेच तिने ठणठणीत आवाजात वाचलं. तोफा आल्या, पूल उडाला. बायका जांभया द्यायला लागल्या.

"आणि बायको?" दोरे कापणारीने विचारलं. "तिचं काय झालं?"

झालं! आता फक्त सांगायचं होतं. रेडिओने काजवालीकडे पाहिलं. ती मान खाली घालून झालेल्या काजावरच पुन्हा टाके घालत होती. उघडं पाडावं? की आपणच पुढे रेटावं? हिला जमतं तर मला का नाही?

"बायको... दारात उभी होती," रेडिओ म्हणाली. "ढसाढसा रडत होती."

"छे! ती कुठली रडतेय?" शेजारीण म्हणाली. "ती रडणारी नाहीच मुळी."

रेडिओला पुढे एक शब्द सुचेना. एवढी वर्षं दुसऱ्यांचे शब्द वाचलेले, स्वतःचा असा एक निघेना. तिने पुस्तक मिटलं.

"घसा पुन्हा बसलाय माझा," ती खणखणीत आवाजात म्हणाली आणि पुस्तक काजवालीच्या हातात कोंबलं. मग काजवालीच्या जागेवर बसून सुई उचलली. आतून नुसती जळत होती ती.

काजवालीने हाताला येईल ते पान उघडलं. "त्या दुपारी," ती हळूच वाचू लागली, "वारा सुटला आणि दोरीवरचा शर्ट उडाला."

दोरे कापणारीची कात्री थांबली. रेडिओची सुई बोटात शिरली. अख्खं पुस्तक वाचलं होतं तिने.

"कुठे पडला?" सगळ्यांच्या आधी तिनेच विचारलं.